बोलणाऱ्याला दंड कशासाठी? गावकीच्या पंचांना आणि मुंबई मंडळाला खुले पत्र

प्रति,
गावकीचे अध्यक्ष, पंच, सर्व मानकरी आणि मुंबई मंडळाचे पदाधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मुंबई मंडळाचं शिमग्याचं पत्रक मिळालं. वर्गणीचा दर, पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत, ढोलवाल्यांची बिदागी, गाडी कोणी ठरवायची, सगळं नेहमीसारखं. खालून दुसरा परिच्छेद मात्र मी तीनदा वाचला. वरच्या वाडीतल्या ‘त्या’ घराबाबतचा गावकीचा निर्णय यंदाही कायम राहील, असं त्यात आहे, म्हणजे ते घर वाळीतच राहील. आणि पुढे, मानवी हक्कांची भाषा बाहेरची, आपल्या गावाची संस्कृती वेगळी, आपली मूल्यं वेगळी, तेव्हा कोणी गावाला शहाणपण शिकवू नये.

शहाणपण शिकवणारा तो मीच, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दिवाळीनंतरच्या बैठकीत बोलायला उभा राहिलो तेव्हा अण्णा म्हणाले, ‘खाली बस, पेपर वाचून आलायस.’ बसलो. म्हणून आता लिहितो, आणि चारचौघांसमोर लिहितो, कारण बैठकीत काय बोललं गेलं हे आपण हल्ली वहीत उतरवत नाही. गावाचं नाव घालत नाही. महाडच्या स्टँडवरून एसटीने तासाभराचा रस्ता, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतील, बाकीचे आपलंच गाव समजून वाचतील. रायगड-रत्नागिरीत अशी गावं काही कमी नाहीत.

आधी माझा गुन्हा सांगतो. चार वर्षांपूर्वी सभामंडपात हा ठराव झाला तेव्हा मी हजर होतो, आणि वर झालेल्या हातांत माझाही हात होता. भांडण काय, तर पाणंदीचं. गुरांची वाट कोणाच्या सातबाऱ्यातून जाते यावर गावकीने निकाल दिला, तो त्या घरातल्या माणसाला पटला नाही, तो तालुक्याला गेला आणि दावा लावून आला. गावकीने निकाल दिलेला असताना कोर्टाची पायरी चढला, म्हणून त्या घराशी बोलणं बंद, देणंघेणं बंद, लग्नकार्य, बारसं, मयत, सगळं बंद. जो बोलेल त्याला पाच हजार एक रुपये दंड. आणि बोलणाऱ्याचं नाव जो कळवील त्याला त्यातले पाचशे. ही पाचशेची कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली ते मला आठवतंय. त्याचं नाव इथे नको.

मी हात का वर केला? खरं सांगायचं तर विचारच केला नाही. समोर देवाचा नारळ ठेवला होता, सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. परतीची गाडी चारची होती.

त्या वर्षीच्या गणपतीत आरत्यांना निघालो. आपली पद्धत तुम्हाला काय सांगायची. खालच्या वाडीपासून सुरुवात, घरटी आरती, एखादं भजन, ओंजळीत प्रसाद, की पुढचं घर. वरच्या वाडीच्या वळणावर त्याचं घर लागतं. ओटीवर सतरंजी अंथरलेली होती. दारावर शंभरचा बल्ब. कोपऱ्यात चहाची मोठी किटली, तिच्यावर ताट झाकलेलं. त्याची आई, म्हणजे आपली काकी, चौकटीला टेकून उभी होती. तिला ठराव ठाऊक होता. तरी तिने सतरंजी अंथरली होती. घर दहा पावलांवर आलं आणि ढोलकी थांबली. कोणी सांगितलं नाही, आपोआप थांबली. माझ्या हातात टाळ होते. ते चुकून वाजू नयेत म्हणून मी दोन्ही मुठींत गच्च दाबून धरले आणि पायांकडे बघत चालत राहिलो. तेवढ्या वाटेवर फक्त चपलांचा आवाज. फणस ओलांडला आणि ढोलकी पुन्हा सुरू झाली. जिथे तुटलं होतं त्याच ओळीवर कोणीतरी भजन उचललं.

काकी पुढच्या पावसात गेली. तिरडी बांधायला गावचा माणूस मिळाला नाही. तिच्या माहेरचे भाचे टेम्पो करून आले आणि त्यांनीच सगळं उरकलं. मी मुंबईत होतो, रात्रीची गाडी पकडली असती तर पोचलो असतो. गेलो नाही. फोनसुद्धा केला नाही. पाच हजार एक मला जड नव्हते. पाचशेसाठी माझं नाव कोण सांगेल, हा प्रश्न जड झाला. चाळीस वर्षांच्या ओळखीचा प्रत्येक चेहरा मी त्या रात्री संशयाने तपासून पाहिला. एवढं नुकसान त्या ठरावाने माझंही केलंय, आणि मी तर वाळीत नाही.

आता गावकीबद्दल. मी गावकीचा शत्रू नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि माझे बाबा काही महिन्यांनी वळकटी घेऊन घरी आले. त्या साली देवस्थानच्या भातातून प्रत्येक संपवाल्याच्या घरी गावकीने भात पोचतं केलं. कोणी अर्ज केला नव्हता, कोणी रेशनकार्ड पाहिलं नव्हतं. पुढे मी नोकरीसाठी मुंबईत आलो तेव्हा लालबागच्या गावच्या खोलीत मला झोपायला जागा मिळाली, दीड हात रुंद आणि तीही रात्रपाळीवाला कामाला गेला की. अण्णा, त्या खोलीत पहिल्या दिवशी मला जेवायला बसवलंत ते तुम्हीच. ज्याला कोणी नाही त्याला गावकी आहे, हे मी ऐकीव बोलत नाही. शहरातली माणसं आम्हाला हसतात की तुमच्याकडे अजून गावकी कशी, त्यांच्याशी मी भांडतो. त्यांच्या सोसायटीत माणूस मेला तर लिफ्टमध्ये नोटीस लागते.

म्हणूनच ‘बाहेरचं’ हा शब्द मला लागला.

आपण सगळे गावी जाताना महाडला उतरतो. स्टँडवरून चवदार तळं चालत जाण्यासारखं आहे. ज्यांनी ते पत्रक लिहिलं त्यांनी पुढच्या खेपेला तिथे दहा मिनिटं थांबावं. सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला, १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं असल्याचं कागदावर लिहिलं, आणि तरीही २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं तेव्हा डोकी फुटली. मग पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ झाली. त्यानंतरचा भाग आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. काही गावकरी कोर्टात गेले आणि म्हणाले, तळं पूर्वापार आमचं, अस्पृश्यांनी तिथे न येण्याची वहिवाट अनादी आहे. दहा वर्षं तो वाद चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही.

तुमच्या पत्रकातही ‘पूर्वापार’ हा शब्द आहे. बोलणाऱ्याला पाच हजार एक दंड ही वहिवाट कधीपासूनची, विचारू का? माझ्या माहितीत ती चार वर्षांची आहे.

त्याच १९२७ च्या डिसेंबरात महाडलाच दुसरी परिषद भरली. मनुस्मृती जाळली हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याच मांडवात हिंदुमात्राच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामाही संमत झाला होता. संयुक्त राष्ट्रांनी आपला मानवी हक्कांचा जाहीरनामा पॅरिसमध्ये मंजूर केला १० डिसेंबर १९४८ ला, म्हणजे महाडनंतर एकवीस वर्षांनी. मग आपण गुरांची औषधं आणि शाळेची वह्यापुस्तकं आणायला जातो त्या गावी मराठीत झालेली गोष्ट बाहेरची कशी? त्याच्याही आधी स्त्री आणि पुरुष दोघेही मानवी अधिकारांचे सारखेच धनी आहेत, असं जोतीराव फुले लिहून गेले होते. ते पुस्तक त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये छापलं गेलं. आणि तरी अण्णा, तुम्ही म्हणता मी पेपर वाचून आलो.

तुमच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा तो जाहीरनामा लिहिला जात होता तेव्हा अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने हीच शंका काढली होती. युरोप-अमेरिकेची मूल्यं सगळ्या जगाची म्हणून खपवली जातील आणि ज्यांच्या रीती वेगळ्या आहेत त्यांच्या डोक्यावर ती बसतील, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्यांनी गोऱ्यांचं राज्य सोसलं त्यांनी ही शंका हसण्यावारी नेऊ नये. ‘तुम्हाला सुधारायला आलोय’ म्हणत आलेल्यांनी आपल्याकडून काय काय नेलं ते आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच संघटनेने १९९९ मध्ये मानवी हक्कांच्या बाजूने स्वतंत्र निवेदन मंजूर केलं. मला वाटतं मधल्या पन्नास वर्षांत त्यांना दिसलं असावं की ‘आमची रीत वेगळी’ हे वाक्य दुबळ्यांच्या तोंडी जेवढं असतं तेवढंच दांडग्यांच्याही तोंडी असतं.

पॅरिसच्या मतदानाचंच पाहा. ४८ देश बाजूने, विरोधात एकही नाही, आठ तटस्थ. त्या आठांत सोव्हिएत गटाचे सहा, एक सौदी अरेबिया आणि एक दक्षिण आफ्रिका. दक्षिण आफ्रिकेत त्याच साली वर्णभेदवाल्यांचं सरकार आलं होतं, तेव्हा त्यांची अडचण कळण्यासारखी आहे. पण तिथली ‘आमची रीत’ सांगणारे कोण होते? ज्या संसदेत काळ्या माणसाला सदस्य म्हणून बसताच येत नव्हतं तिथले लोक. सौदीची हरकत लग्नाच्या आणि धर्म बदलण्याच्या कलमांवर होती. पाकिस्तानने मात्र बाजूने मत दिलं, आणि पाकिस्तानच्याच शाइस्ता इक्रामुल्ला यांनी लग्नातल्या समान हक्कांची बाजू लावून धरली. दोघांचा धर्म एक. त्यांच्या मूल्यांचा खरा प्रवक्ता मग कोणता? आणि ‘सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र आहेत’ असा अर्थ निघेल अशी जी इंग्रजी शब्दरचना पहिल्या कलमात होती, ती बदलून तिथे ‘सगळी माणसं’ करायला लावलं ते आपल्या हंसा मेहतांनी. सुरतेत जन्मलेली आणि मुंबईच्या कायदेमंडळात बसलेली बाई ती. आपल्या सभामंडपात बायका अजून पायरीच्या खाली बसतात, हे जाता जाता.

आपल्या गावचंही तसंच आहे. ‘गावाची मूल्यं’ म्हणून पत्रकात जे छापलं ते ठरवताना कोणाला विचारलं? काकीला विचारलं होतं? तिचा जन्म कोकणातला, लग्न कोकणातलं, सत्तर शिमगे तिने पाहिले, पालखी ओटीवर आली की तांदळाची ओटी भरायला ती सगळ्यात पुढे. तिच्या संस्कृतीत शेजाऱ्याच्या आरतीला शेजारी येतो. म्हणून तर तिने सतरंजी अंथरली होती. संस्कृती तिच्याकडे होती की टाळ दाबणाऱ्या माझ्याकडे?

बाहेरच्या लोकांनी भडकवलं म्हणून आतले बोलतात, हेही खरं नाही. कंजारभाट समाजातल्या कौमार्य चाचणीविरुद्ध २०१८ मध्ये मोहीम उघडली ती त्या समाजातल्याच तरुण मुलामुलींनी. आंतरजातीय लग्न केलं म्हणून नाशिकमध्ये २०१३ मध्ये एका गरोदर मुलीचा तिच्या बापानेच जीव घेतला, त्यानंतर अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याचं अभियान सुरू केलं. तेव्हा जे गाऱ्हाणी घेऊन पुढे आले तेही आतलेच होते. देवासमोर गाऱ्हाणं घालायची आपली रीत आहेच. गाऱ्हाणं घालणारा परका असतो, असं कोणता गुरव म्हणेल?

नाना, बैठकीत तुम्ही म्हणालात, आधी कर्तव्य, मग हक्क, गांधीजींनीच सांगितलंय. बरोबर. १९४७ मध्ये मानवी हक्कांबद्दल मत विचारणाऱ्या युनेस्कोच्या प्रमुखांना गांधीजींनी तसंच कळवलं होतं: कर्तव्य नीट पार पाडल्यातूनच हक्क मिळतात, हे मी माझ्या निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. पण त्याच गांधींची दुसरी गोष्ट तुम्ही सांगत नाही. १८८८ मध्ये शिकायला विलायतेला निघाले तेव्हा मुंबईत मोढ वाण्यांची सभा बसली. जातीचा शेठ त्यांच्या वडिलांच्या ओळखीतला, म्हणजे आपल्या अण्णांसारखा. समुद्र ओलांडायचा नाही, असं पंचांनी सांगितलं, अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराने ऐकलं नाही. निकाल झाला की आजपासून हा जातीबाहेर, आणि जो कोणी याला मदत करील किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड.

सव्वा रुपया. आत्मकथेत हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. पंचांना काय नेमकं कळलं होतं! दंड मोहनदासला केला असता तर तो भरून किंवा न भरता गेलाच असता. म्हणून त्याला निरोप देणाऱ्याला दंड. त्याच धाकाने मेव्हणा प्रवासाचे पैसे देईना. परत आल्यावरही बहिणीच्या आणि सासूच्या घरी त्यांना पाणी प्यायची सोय नव्हती, आणि गांधींनीही ती रीत मोडायला त्यांना भरीस घातलं नाही. मला ते पटत नाही, पण तो त्यांचा स्वभाव. मुद्दा असा की पुढे ज्याच्या शब्दावर लाखो माणसं रस्त्यावर उतरली त्याचंही घरातलं पाणी सव्वा रुपयाने तोडता आलं. आपलं काय घेऊन बसलात.

कर्तव्याबद्दल आणखी एक. तुम्ही ज्याला बाहेरचा म्हणता त्या जाहीरनाम्याचं एकोणतिसावं कलम म्हणतं की समाजाप्रति प्रत्येकाची कर्तव्यं आहेत, कारण समाजात राहूनच माणूस पुरता वाढतो. गावकीचं याहून मोठं कौतुक कोणी केलं असेल असं मला वाटत नाही. आणि विसावं कलम म्हणतं, कोणालाही कुठल्याही संघटनेत जबरदस्तीने ठेवता येणार नाही. दोन्ही एकाच कागदावर आहेत. माझी अडचण दुसऱ्याशी कधीच नव्हती, कारण आपल्या गावकीत कोणाला जबरदस्तीने आत ठेवलंय असं नाही. त्याला तर बाहेर जायचंच नव्हतं. त्याला गावातच राहायचं होतं, फक्त एका वाटेबद्दल वेगळं मत घेऊन.

‘मग काय, आता कोणाशी बोलायचं तेही सरकार ठरवणार?’ असं आपल्यातल्या एकाने विचारलं होतं. प्रश्न चांगला होता, त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. आता सांगतो. नाही, सरकार ठरवणार नाही. तुमचं त्याच्याशी पटत नाही, तुम्ही त्याच्या दारात जाऊ नका, त्याच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका परत करा. तुमचा राग, तुमचं तोंड. त्यात कायद्याला काही करता येत नाही आणि करूही नये. पण मी गेलो तर मला दंड का? माझं तोंड गावकीकडे गहाण कधी पडलं? ‘आम्ही बोलत नाही’ आणि ‘कोणी बोललात तर बघा’ यांच्यात जेवढं अंतर आहे, तेवढ्यावरच माझं सगळं भांडण आहे. दंड काढून टाका आणि उद्या गावातली किती माणसं खरंच त्याच्याशी बोलायची थांबतात ते पाहा. मोजायला एक हात पुरेल.

हे नवं शोधून काढलेलं नाही. १९३० च्या गोलमेज परिषदेत आंबेडकरांनी दिलेल्या टिपणात सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी होती, आणि तिचा मसुदा त्यांनी १९२२ च्या ब्रह्मदेशाच्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून घेतला होता. महाराष्ट्राचा कायदा विधिमंडळात मंजूर झाला एप्रिल २०१६ मध्ये आणि लागू झाला जुलै २०१७ मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. भडकवणाराही दोषी.

मधे एक अडखळण आहे, तीही लपवत नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्येच बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो रद्द केला. पंथाला आपल्या धर्माच्या बाबी स्वतः चालवण्याचा हक्क आहे, आणि पंथाची शिस्त राखायला एखाद्याला बाहेर काढणं त्यात येतं, असं बहुमत म्हणालं. विरोधात एकटे सरन्यायाधीश सिन्हा. बहिष्कृत माणसाची अवस्था अस्पृश्यासारखी होते, तेव्हा असा कायदा घटनेच्या आत्म्याला धरूनच आहे, अशी त्यांची भूमिका होती. २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निकाल नऊ जणांच्या पीठाकडे सोपवला. म्हणजे समूहाचा हक्क कुठे संपतो आणि माणसाचा कुठे सुरू होतो, यावर देशातली शहाणी डोकीसुद्धा साठ वर्षं खल करतायत. तुम्ही आणि मी एका शिमग्यात तो सोडवू असा माझा दावा नाही. पण आपला ठराव ना धर्माचा आहे ना पंथाचा. तो पाणंदीचा आहे.

कायदा आल्यापासून आपण हुशार झालो, हेही लिहून टाकतो. ‘वाळीत’ हा शब्द आता कोणी उच्चारत नाही. ‘त्यांना वेगळं ठेवलंय’ म्हणतात. ठराव वहीत लिहिला जात नाही. दुकानदाराला कोणी काही सांगत नाही, फक्त त्या घरातलं पोर आलं की तेल संपलेलं असतं. आणि सगळ्यात साळसूद प्रकार म्हणजे वर्गणी न घेणं. खजिनदार त्या घरावरून पुढे जातो. वर्गणी नाही म्हणजे पावती नाही, पावती नाही म्हणजे यादीत नाव नाही, यादीत नाव नाही म्हणजे पालखी त्या ओटीवर थांबायचं कारण नाही. पोलिसांना दाखवायला कागदच नको. आमच्या ऑफिसात फाईल हरवायची असेल तर आम्ही अशीच हरवायचो. मला हे काम ओळखू येतं.

मी पोलिसात जाणार नाही. त्याने जावं की न जावं, तो त्याचा प्रश्न, त्याचा हक्क. मला एवढंच वाटतं की फौजदाराने मंडपात येऊन पंचनामा करण्याआधी हे आपल्याला मिटवता आलं तर गावकीची अब्रू राहील. पाणंदीचा दावा कोर्टात चालू आहे, तो चालू दे. निकाल काय लागायचा तो लागेल. त्याच्या बाजूने लागला तरी मी नाचणार नाही, वाट सगळ्यांच्या गुरांना लागते हे मलाही कळतं.

यंदा होळीच्या आदल्या दिवशी मी गावी पोचतोय. संध्याकाळी मी त्याच्या घरी जाणार, ओटीवर बसणार, चहा घेणार. दिवे लागायच्या वेळेला, मागच्या दाराने नाही. ज्याला नाव कळवून पाचशे मिळवायचेत त्याने लपून बघायची गरज नाही, त्याने समोर येऊन बसावं, चहा त्यालाही मिळेल. माझे पाच हजार एक तयार आहेत. फक्त दंडाची रीतसर पावती द्या, कशाबद्दल ते स्पष्ट लिहून, खाली अध्यक्षांची सही घेऊन.

दुसरं, त्याने चार वर्षांची वर्गणी साल लिहून चार वेगवेगळ्या पाकिटांत घातली आहे. काकी होती तोवरची दोन पाकिटं तिच्या हातची, ती अजून देव्हाऱ्यात तशीच आहेत. खजिनदारांनी पावतीपुस्तक सोबत आणावं. पेन माझ्याकडे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपल्याच गावचा,
खालच्या वाडीतला एक चाकरमानी